फांदीआडची पाटी

गाडीच्या काचेवर चिकटवलेलं ते पिवळं पाकीट पन्नास पावलांवरूनही ओळखू येतं. इंग्लंडात आल्यापासून कित्येकदा ते दुसऱ्यांच्या गाड्यांवर पाहिलं होतं आणि दर वेळी मनातल्या मनात "बघून लावायला काय होतं लोकांना!" असं म्हणून पुढे गेलो होतो. त्या दिवशी ते माझ्याच गाडीवर होतं.

तर झालं असं. २०१८ चा जून महिना. अण्णा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांच्या व्हिजावर आमच्याकडे आले होते आणि आल्यावर पंधरवड्याच्या आत त्यांच्या चष्म्याची काडी मोडली. चष्मेवाल्याच्या दुकानासमोर जागा नव्हती, म्हणून मागच्या गल्लीत वळलो. दोन्ही बाजूंना लाल विटांची एकमेकांना चिकटलेली घरं, रस्त्यावर पांढऱ्या तुटक रेघांनी आखलेली जागा, त्यात एक जागा रिकामी. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पाटी दिसली नाही. गाडी लावली. वीस मिनिटांत काडी बसवून परत आलो तर पाकीट!

आत लिहिलं होतं: फक्त रहिवासी परवानाधारकांसाठी असलेल्या जागेत परवान्याविना वाहन उभे केले. कोड १२. दंड ७० पौंड. चौदा दिवसांत भरल्यास ३५.

अण्णांनी आधी पौंडाचे रुपये केले. ते आल्यापासून कांद्याचेही करत होते. "तीन हजारांच्या वर गेले की रे," म्हणाले, आणि लगेच पुढे, "भरून टाक. परका मुलुख आहे. सरकारी कागद आहे. वाद नको." बायकोचंही तेच मत. ती म्हणाली, पस्तीस पौंड देऊन डोकं शांत राहात असेल तर स्वस्त आहे. (माझं डोकं शांत राहणार नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण म्हणाली.)

मी वर पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक खांब होता आणि खांबाला मेपलच्या झाडाची भरगच्च हिरवी फांदी बिलगली होती. फांदी हाताने बाजूला केली तर मागे पाटी! 'परवानाधारक फक्त, सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते सायंकाळी ६.' फांदी सोडली की पाटी गायब. दोन-तीनदा करून पाहिलं. लहान मुलाशी भॉऽक करावं तसं वाटत होतं, फक्त हसू येत नव्हतं.

तिथेच फोटो काढले. गाडीच्या जागेवरून, समोरच्या फुटपाथवरून, गल्लीच्या तोंडापासून चालत येताना दर दहा पावलांवर एक. अण्णा गाडीत बसून अस्वस्थपणे पाहात होते. शेवटी काच खाली करून म्हणाले, "पंचनामा झाला असेल तर चल आता."

इथे थोडी माहिती सांगायला हवी, कारण पुण्या-मुंबईतल्या मित्रांना मी ही गोष्ट सांगायला लागलो की पहिला प्रश्न येतो, "पोलिसाला तिथेच काही..." तर नाही, यात पोलीस नसतोच. ब्रिटनमध्ये पार्किंगची पावती पूर्वी पोलिसांच्या अखत्यारीतला गुन्हा होता. १९९१ च्या रस्ते वाहतूक कायद्याने ते काम स्थानिक पालिकांकडे सोपवायला सुरुवात झाली, आणि लंडनबाहेर तेव्हाचे नियम २००४ च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्याखाली ३१ मार्च २००८ पासून लागू झाले. त्यामुळे ही फौजदारी भानगड नाही. लायसन्सवर गुण चढत नाहीत, पोलिसांत नोंद होत नाही. माझा कायमच्या वास्तव्याचा अर्ज तेव्हा जायचा होता, त्यामुळे पहिल्या रात्री मी झोपेऐवजी हेच वाचत बसलो होतो. परदेशात राहणाऱ्या माणसाच्या मनात कुठल्याही सरकारी पाकिटाबरोबर आधी व्हिजा येतो, मग पैसे येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे इथे दोन प्रकारच्या पावत्या असतात आणि दोन्हींचं आद्याक्षरी नाव एकच, पीसीएन. एक पालिकेची पेनल्टी चार्ज नोटिस. दुसरी सुपरमार्केट किंवा खाजगी वाहनतळावरच्या कंपनीची पार्किंग चार्ज नोटिस. दिसायला जुळ्या बहिणी, पण दुसरी म्हणजे दंड नव्हे. तुम्ही पाटीवरच्या अटी मान्य करून गाडी लावलीत आणि करार मोडलात, असं त्या कंपनीचं म्हणणं असतं. पूर्वी लोक सांगायचे की खाजगी पावती सरळ कचऱ्यात टाका. तो सल्ला आता ऐकू नका. चेम्सफर्डच्या एका वाहनतळावर फुकटच्या दोन तासांपेक्षा ५६ मिनिटं जास्त थांबलेल्या बॅरी बीव्हिस नावाच्या गृहस्थांनी ८५ पौंडांसाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ते हरले. माझी पावती मात्र पालिकेची होती. (कुठल्या गावची ते सांगत नाही, मला अजून तिथेच गाडी लावायची आहे.)

लढायचं असेल तर पहिला नियम: पैसे भरायचे नाहीत. भरले की प्रकरण मिटलं, मग कितीही पुरावे असोत. दुसरा: चौदा दिवसांच्या आत लिहायचं. या पायरीला अनौपचारिक हरकत म्हणतात आणि ती त्या मुदतीत केली, तर फेटाळतानाही पालिका बहुधा सवलतीचे चौदा दिवस नव्याने देते. मी चौथ्या दिवशी लिहिलं, सहा फोटो जोडले. रागाचं एकही विशेषण नाही. शोधनिबंधावरच्या आक्षेपांना उत्तरं लिहिताना आमच्या प्राध्यापकबाईंनी हे चांगलं शिकवलं होतं: समोरचा मूर्ख आहे असं वाटत असलं तरी फक्त आकृतीचा क्रमांक लिहायचा.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'आपले म्हणणे काळजीपूर्वक विचारात घेतले आहे. सदर ठिकाणी चिन्हे पुरेशी व सुस्पष्ट आहेत. ३५ पौंड चौदा दिवसांत भरावेत.' माझ्या फोटोंबद्दल अवाक्षर नाही!

खरा पेच इथे असतो. या वळणावर आलेला माणूस बहुधा पैसे भरतो, कारण पुढे गेला तर पस्तीसची संधी जाते आणि हरला तर सत्तर. मी अभियंता आहे, मी कागदावर मांडलं. आत्ता भरले तर ३५ नक्की. लढलो तर हरण्याची शक्यता गुणिले ७०. म्हणजे जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटत असेल तर लढावं. हे गणित चोख आहे आणि निरुपयोगी आहे, कारण त्यात माझ्या संध्याकाळी धरलेल्या नाहीत. तासाच्या पगाराने धरल्या असत्या तर पहिल्याच दिवशी भरून मोकळा झालो असतो.

मी ते पत्र अण्णांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांगलं ड्राफ्टिंग आहे."

अण्णांनी एकतीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत काढली. कारकून म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यात कुठल्या कार्यालयाविरुद्ध तक्रार केलेली मला आठवत नाही. विजेचं बिल दुप्पट आलं तरी आधी भरायचे, मग विचारायला जायचे. मला वाटायचं ही भीती आहे. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "पहिला अर्ज आम्ही वाचतच नव्हतो रे."

"म्हणजे?"

"म्हणजे चाळायचो. काही ना काही त्रुटी निघतेच. ती काढायची, शेरा मारायचा, परत. दिवसाला शंभर कागद आवकला पडायचे. शंभरातले वीस परत यायचे. मग ते वीस नीट वाचायचे. तेवढेच झेपायचे."

मी म्हटलं, "आणि उरलेले ऐंशी?"

त्यांनी चष्मा काढला, नवी काडी उगाचच बोटाने तपासली. म्हणाले, "निराधार योजनेत एक म्हातारी होती. उत्पन्नाच्या दाखल्यावर तलाठ्याची सही होती, शिक्का नव्हता. मी म्हटलं, शिक्का मारून आण. आली नाही. दोन-तीन महिन्यांनी त्या गावचा कोतवाल आला होता, सहज विचारलं, तर म्हणाला, गेली." थोडं थांबून म्हणाले, "शिक्का मला इथून मागवता आला असता. तलाठी दर आठवड्याला मीटिंगला यायचाच की."

बायको चहा घेऊन आली आणि विषय तिथेच थांबला. झोपायला जाताना मात्र ते दारात उभे राहून म्हणाले, "परत अर्ज कर. भरू नकोस."

त्यानंतर पुढच्या पायऱ्या ठरलेल्या वेळापत्रकाने आल्या. अठ्ठावीस दिवसांत पैसे भरले नाहीत की गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली असते त्याच्या घरी 'नोटिस टू ओनर' येते. त्यावर अठ्ठावीस दिवसांत औपचारिक हरकत घ्यायची. तिथे कारणं छापलेली असतात, त्यांतलं आपलं निवडायचं. नियमभंग झालाच नाही, गाडी तेव्हा माझी नव्हती, ती चोरीला गेली होती, पालिकेने प्रक्रिया पाळली नाही, आकारलेली रक्कमच चुकीची आहे, वगैरे. हरकतीला पालिकेने ५६ दिवसांत उत्तर दिलंच पाहिजे, नाही दिलं तर हरकत मान्य झाली असं कायद्याने धरतात. अण्णांना ही तरतूद फार आवडली. "आमच्याकडे असती तर कचेरीला कुलूप लागलं असतं," म्हणाले. एकच करू नये, ते म्हणजे नोटिस टेबलावर ठेवून विसरणं. मग 'चार्ज सर्टिफिकेट' निघतं, रक्कम दीडपट होते, सत्तरचे एकशे पाच होतात, आणि शेवटी प्रकरण वसुलीवाल्यांच्या हाती जातं.

आंतरजालावर या बाबतीत सल्ल्यांचा सुकाळ आहे आणि त्यातले निम्मे धोकादायक आहेत. एक पंथ १६८९ च्या 'बिल ऑफ राइट्स'चा दाखला देऊन सांगतो की न्यायालयाने दोषी ठरवल्याशिवाय कुणाला दंडच करता येत नाही. वाचायला फार भारदस्त वाटतं. असले युक्तिवाद इथे टिकलेले नाहीत. दुसरा पंथ पाच मिनिटांसाठी भांडतो. त्याला थोडा आधार आहे: २०१५ पासून इंग्लंडात पालिकेच्या सशुल्क किंवा ठरावीक वेळेच्या जागेत मुदत संपल्यावर दहा मिनिटांची सूट आहे. पण ती मुदत संपल्यावरची. जिथे मुळात लावायचीच नाही तिथे ती लागू नाही, आणि माझं प्रकरण नेमकं तिथलं होतं.

माझा मुद्दा साधा होता. रहिवाशांच्या जागेलाही रस्त्यावर तशाच पांढऱ्या तुटक रेघा असतात आणि मोफत जागेलाही. फरक सांगते ती पाटी. आणि १९९६ च्या वाहतूक आदेश कार्यपद्धतीच्या नियमांतल्या अठराव्या नियमाप्रमाणे पुरेशी चिन्हं लावणं आणि ती तशी राखणं ही पालिकेची जबाबदारी आहे. राखणं हा शब्द महत्त्वाचा. पाटी लावली की काम संपत नाही, झाडं वाढतात.

(पुण्यात सम-विषम तारखांच्या पी-१, पी-२ पाट्या होर्डिंगमागे, फ्लेक्समागे आणि दहीहंडीच्या शुभेच्छांमागे शोधत मी मोठा झालो. तेव्हा पाटी दिसली नाही असं मामांना सांगायची छाती झाली नव्हती.)

औपचारिक हरकतही सप्टेंबरच्या अखेरीस फेटाळली गेली, जवळजवळ त्याच शब्दांत. पण या पत्रासोबत पुढचा दरवाजा उघडतो. लंडन सोडून बाकी इंग्लंड आणि वेल्ससाठी 'ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल' नावाचं स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. अपील फुकट. वकील लागत नाही. हरलात तरी सहसा दंडाशिवाय जास्त काही द्यावं लागत नाही. त्याचा खर्च पालिकाच उचलतात हे वाचून माझ्यातला पुणेरी माणूस सावध झाला होता, पण निर्णय देणारे पालिकेचे नोकर नसतात, वकिली पेशातले असतात.

अपील केलं की पालिकेला आपला सगळा पुरावा दाखवावा लागतो. ऑक्टोबरच्या मध्याला तो गठ्ठा आला. नकाशा, आदेशाची प्रत, आमचा पत्रव्यवहार, पावती लावणाऱ्या अधिकाऱ्याने काढलेले गाडीचे फोटो आणि शेवटी एक फोटो, त्याखाली लिहिलेलं: 'सदर जागेवरील चिन्ह.' खांब, पाटी, अक्षर न् अक्षर स्वच्छ. मी हादरलो. हा फोटो पाहून कोण म्हणेल पाटी दिसत नव्हती? दोन दिवस मी माझे फोटो मोठे करून बघत होतो, रस्त्यावरची अंतरं मोजून तक्ता बनवत होतो, सावल्यांचे कोनसुद्धा काढले.

अण्णा परत जायला आठवडा उरला होता. बॅगा भरून झाल्या होत्या आणि त्यांना काम नव्हतं. त्यांनी गठ्ठा मागितला. कचेरीत फाइल वाचायचे तसा शेवटच्या पानापासून उलटा वाचायला घेतला.

"याच्यावर तारीख नाही," म्हणाले.

"कशावर?"

"या फोटोवर. बाकी सगळ्यांवर तारीख-वेळ छापलीय, यावर नाही. कागद कधीचा, हे आधी बघायचं." मग त्यांनी फोटो खिडकीपाशी नेला. बाहेर आमच्या अंगणापलीकडच्या झाडाची पानं गेले पंधरा दिवस गळत होती. अण्णा रोज ती मोजल्यासारखी बघत बसायचे. "अरे, या झाडाला पान नाही. जूनमध्ये?"

मी गठ्ठा जवळजवळ हिसकावला. खरंच. मागचं मेपल बोडकं होतं, नुसत्या काटक्या. पाटी दिसत होती कारण फोटो हिवाळ्यातला होता! आणि मग अधिकाऱ्याचे फोटो पुन्हा पाहिले. त्यातल्या एकात, गाडीच्या टपावरून, तोच खांब कोपऱ्यात आला होता. पाटीच्या जागी हिरवी पानं. तारीख माझ्या पावतीचीच. म्हणजे माझा सगळ्यात चांगला पुरावा पालिकेनेच काढून, वेळ छापून, मला पाठवला होता आणि मी सावल्यांचे कोन मोजत बसलो होतो. पीएचडी!

अण्णा ऑक्टोबरच्या शेवटी गेले. सुनावणी नोव्हेंबरात झाली, फोनवरून. पालिकेकडून कोणी हजर नव्हतं. निर्णय देणाऱ्या बाईंचा आवाज शांत, शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखा. पहिला प्रश्नच अडचणीचा होता: "पांढऱ्या रेघा पाहिल्यावर पाटी शोधणं हे तुमचं काम आहे. तुम्ही काय शोधलंत?" मी खरं ते सांगितलं. दोन्हीकडे पाहिलं, खांब दिसला पण तो दिव्याचा असेल असं वाटलं, उतरून चालत जाऊन शोधलं नाही. हे बोलताना मला वाटलं, गेले सत्तर. मग त्यांनी विचारलं, चाळीसेक मीटरवर दुसरी पाटी आहे ती दिसली का? ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या जागेकडे पाठ करून होती. अंतरांच्या तक्त्याचा एवढा एक उपयोग झाला. मग त्या म्हणाल्या, "अधिकाऱ्याचा चौथा फोटो मी पाहतेय." मी गप्प बसलो. बोलायची फार इच्छा होती, पण गप्प बसलो.

निर्णय लेखी आला, एका पानाचा. चालकाने पाटी शोधली पाहिजे हे खरं, पण शोधल्यावर सापडेल अशी ती असली पाहिजे. त्या दिवशी ती तशी होती हे दाखवायची जबाबदारी पालिकेची, आणि निष्पर्ण झाडाचा बिनतारखेचा फोटो ते दाखवत नाही. अपील मान्य. दंड रद्द.

गंमत म्हणजे ही पावत्या लढवायची परंपरा इथे पहिल्या दिवसापासूनची आहे. लंडनमध्ये १९६० च्या सप्टेंबरात पहिले ट्रॅफिक वॉर्डन रस्त्यावर आले, आणि पहिली दोन पौंडांची पावती मिळाली ती हृदयविकाराच्या रुग्णाला पाहायला धावलेल्या एका डॉक्टरला. लोकांनी एवढा ओरडा केला की ती रद्द करावी लागली.

मी त्याच दिवशी अण्णांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते, आई म्हणाली आत्ताच आडवे झालेत, पण ते उठून आले. मी निर्णय मराठीत करून वाचून दाखवला, झाडाचं वाक्य दोनदा. "प्रत पाठव," म्हणाले. "ई-मेल नको. पोस्टाने पाठव, सहीसकट. फायलीला लावतो."

मग म्हणाले, "आणि ती फांदी? छाटली का त्यांनी?"

मी आदल्याच शनिवारी तिकडून गेलो होतो. पानं गळली होती, पाटी उघडी पडली होती, पण फांदी होती तशीच होती. तसं सांगितलं.

"म्हणजे मे महिन्यात परत झाकणार," अण्णा म्हणाले. "अर्ज दे."